हंसतळ्यावर न आलेला रेडा

१

टोपली गेली हे सोमवारी सकाळी पावणेदहाला कळलं.

कोरड्या दिवसांतल्या कार्यक्रमांचा तो पहिलाच सोमवार. चार महिने पुराखाली असलेला रस्ता मागच्या आठवड्यात उघडला होता आणि डार्विन शहरातून पाहुण्यांची पहिली बस आली होती. एलरॉय निम्म्या लोकांना घेऊन हंसतळ्याच्या फेरीवर गेला होता. उरलेल्यांना मी प्रदर्शनाच्या दालनासमोरच्या सावलीत मासे मारायचे भाले दाखवत होतो. ओढ्यापलीकडे धुराची एक बारीक रेघ दिसत होती. या दिवसांत गवत जाळायचं काम चालूच असतं, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. एका आजीबाईंनी विचारलं, भाला माशाच्या नेमका कुठे मारायचा. मी म्हणालो, आधी मासा असेल तिथे मारायचा. सगळे हसले. तेवढ्यात मार्गो दारात आली आणि तिने मला हाताने आत बोलावलं.

मार्गो हॅलोरन ही राष्ट्रीय उद्यानातल्या कार्यक्रमांची प्रमुख. दक्षिणेकडची आहे, पण तीन पावसाळे आमच्याबरोबर काढलेत. उगाच घाबरणारी बाई नाही. त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता.

आतलं काचेचं कपाट बंद होतं. कुलूप जागेवर होतं. कपाटात काही नव्हतं.

त्यात केवड्याच्या पातींची एक टोपली असायची, कमरेएवढी उंच, पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची. माझ्या बायकोने विणलेली. शेजारी एक कार्ड, त्यावर विणणारीचं नाव आणि फोटो. बायको डिसेंबरात गेली, पाऊस लागता लागता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्हा इथल्या मूळ रहिवाशांत काही वर्षं कोणी घेत नाही.

टोपलीबरोबर कार्डही गेलं होतं.

"किल्ली?" मी विचारलं.

मार्गोने दाराआडच्या खिळ्याकडे बोट केलं. किल्ली नेहमीसारखी लटकत होती. मागचं दार मात्र नुसतं लोटलेलं होतं.

ती किल्ली कुठे असते हे आम्हा थोड्यांनाच ठाऊक. मार्गो, मी, एलरॉय आणि बसवाला क्लेम. शिवाय शहरातल्या संग्रहालयाचे डॉक्टर इंग्राम. त्यांनी शनिवारीच टोपलीचे फोटो काढायला कपाट उघडून घेतलं होतं. आणि डल्सी. डल्सी ही माझ्या मेहुण्याची बायको, विणकाम शिकवते. पण तिचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी असतो. वेळापत्रक मीच लावतो, त्यामुळे सोमवारी ती दालनाकडे फिरकत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

एलरॉयची फेरी दहाला परत यायला हवी होती. ती आली दहा चाळीसला, आणि तीही उलट्या बाजूने, गाड्यांच्या मैदानाकडून. पाहुणे गुडघ्यांपर्यंत चिखलात, पण मोठे खूश. तळ्यावरच्या लाकडी वाटेवर एक मगर पसरली होती म्हणून एलरॉयने त्यांना अर्ध्यातून माघारी वळवलं होतं. ते ठीक होतं. पण मग दालनाच्या जवळ, पन्नास पावलांवरच्या वळणावर आल्यावर त्याने त्यांना पुन्हा मागे फिरवून लांबच्या वाटेने नेलं. पुढे रानरेडा उभा आहे, असं सांगून.

मी भाला भिंतीला टेकवला आणि त्या वाटेवर जाऊन आलो. चिखल ओला होता. त्यात रानहंसांची पावलं होती, माणसांची अनवाणी पावलं होती. खुराचा एकही ठसा नव्हता.

२

एलरॉय चोवीस वर्षांचा. गुरांच्या वाडीवरचं काम सोडून बायको आणि बाळाला घेऊन इथे आला, कारण ही जमीन त्याच्या बायकोच्या माणसांची. नोलीन, म्हणजे डल्सीची मुलगी, ती त्याची बायको. वर्षभर तो उमेदवार म्हणून पाहुण्यांना फिरवत होता. रानहंसाची साद अशी घालतो की तळ्यावरचे हंस माना वर करून उत्तर देतात. शुक्रवारी त्याचे कागद डार्विनच्या मुख्य कचेरीत जायचे होते. ते गेले तर तो कायम होणार. नाही गेले तर पुन्हा गुरांची वाडी, तीनशे किलोमीटर लांब, आणि नोलीनला आपलं गाव पुन्हा सोडावं लागणार.

मार्गोने त्याला शांतपणे विचारलं, लांबच्या वाटेने का आलास.

"रेडा होता."

"मी बघून आलो," मी म्हणालो. "रेडा उडत आला होता का?"

त्याने पायाकडे बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नाही, त्यामुळे बोललं की लगेच उघडं पडतं. म्हणाला, "काका, उशीर झाला ती माझी चूक. तशी लिहून घ्या."

टोपली तू घेतलीस का, असं मार्गोने सरळ विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरं वाटलं. मग मी विचारलं, कोणी घेतली ते माहीत आहे का.

यावर तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "बाळाला ताप आहे. मी घरी जाऊ का?"

बाळ त्या क्षणी खिडकीबाहेर आईच्या कडेवर बसून क्लेमची टोपी ओढत होतं आणि खिदळत होतं.

मार्गोने खूप विचार केला. ती अन्याय करणारी नाही. ती म्हणाली, चाळीस मिनिटं हा कुठे होता आणि का, ते शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर मला कागद पाठवता येणार नाहीत. कपाटातली वस्तू गेली आणि वाटाड्या खोटं बोलला, हे मी डार्विनपासून लपवू शकत नाही. तोवर फेऱ्या बंद. एलरॉयने दालनाच्या दाराशी टेबलावर बसायचं, पाहुण्यांना नकाशे द्यायचे, सकाळी आठ ते पाच. दालन बंद झालं की किल्ली तिच्या खिशात.

एलरॉय निमूटपणे जाऊन टेबलाशी बसला. इतका निमूटपणे, की मला काळजी वाटायला लागली. मी मार्गोला म्हणालो, हे मी शोधून काढतो. ती म्हणाली, "टोबायस, टोपली तुमच्या घरची आहे. मुलगा तुमच्या बायकोच्या भाचीचा नवरा. तुम्हाला जमेल?"

मी हो म्हणालो.

३

क्लेम वीस वर्षं बस चालवतो. गोरा, साठीचा, तोंडाने फाटका. आम्ही दोघांनी मिळून इतके मासे पकडलेत की त्याच्याशी आडपडदा नाही. मंगळवारी सकाळी मी गेलो तेव्हा तो बसच्या टपावर बसून पुढची काच पुसत होता.

"ये म्हाताऱ्या. बेड्या आणल्यास का?"

मी म्हणालो, बसचं पोट उघड. त्याने हसतहसत उघडलं. जादा चाक, थंड पेट्या, बंद पडलेला पंखा आणि एका पायाचा बूट. "हा गेल्या वर्षीच्या पाहुण्याचा," तो म्हणाला. "हवं तर चोरीचा धर."

टोपली नव्हती. मग त्याने तक्रारी सुरू केल्या, त्या ऐकून घ्याव्याच लागतात. बसमध्ये माश्या. बसमध्ये चिखल. सोमवारी वारा इतका की रेंजर लोकांनी गवत जाळायचं काम दिवसभर रद्द केलं, आणि सगळी धूळ याच्या काचेवर. "वर तुमचे नियम. फुटबॉलच्या सामन्याला डल्सीला आणि तिच्या जावयाला एका बसमधून नेता येईना. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. दोन फेऱ्या मारल्या मी. हा नियम आमच्यात असता तर माझं लग्न टिकलं असतं."

सोमवारी काय दिसलं, ते मी विचारलं. दोन गोष्टी दिसल्या, तो म्हणाला. एक म्हणजे डॉक्टर इंग्राम सकाळी मोठं खोकं छातीशी धरून आपल्या तंबूकडे जात होते. कमरेएवढं खोकं.

"आणि दुसरी?"

"तुझा पोरगा. टपावरून वळण स्पष्ट दिसतं. लोक घेऊन येत होता, हातवारे करत, बडबडत. एकदम थांबला. टोपी नाकापर्यंत ओढली आणि झाडाकडे तोंड करून उभा राहिला, लपाछपीत राज्य आल्यासारखा. तसाच पाठमोरा हात हलवून लोकांना मागे घालवलं."

क्लेमने फडकं पिळलं.

"रेडा दिसला तर माणूस रेड्याकडे बघतो, टोबी. हा झाडाकडे बघत होता."

४

आधी खोक्याचा निकाल लावायचा होता.

डॉक्टर इंग्राम लांबलचक, किडकिडीत गृहस्थ. उन्हाने नाक सोललेलं. ती टोपली संग्रहालयाला द्या म्हणून त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, दर वेळी अगदी नम्रपणे. खोकं तंबूत होतं. मी उघडा म्हटल्यावर ते लाल झाले.

"उघडलंच पाहिजे का?"

"पाहिजे."

त्यांनी उघडलं. आत आठवडाभराचे न धुतलेले कपडे होते आणि त्यांच्याखाली बिस्किटांचे पुडे. कपडे धुवायचे तर ओढ्यावर जावं लागतं आणि ओढ्यात मगर असते, असं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांना सांगितलं, की दालनामागे कपडे धुवायचं यंत्र आहे, विजेचं, आणि त्यात मगर नसते. ते इतके खूश झाले की मला बिस्किटांचा पुडा दिला. मी घेतला.

मग ते स्वतःच म्हणाले, की टोपली मी नेली असती तर समजू शकता, पण कार्ड मला नको होतं. कार्डावरचा मजकूर मी शनिवारीच उतरवून घेतलाय. त्यांनी वही काढली आणि पुरावा म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. विणणारीचं गाव, साल, पातींचा रंग कोणत्या मुळीचा. आणि सगळ्यांत आधी, तिचं नाव.

मी उभा राहिलो.

सहा महिन्यांत ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इंग्राम घाबरून म्हणाले, माझं काही चुकलं का. मी म्हणालो, तुमचं नाही. तंबूबाहेर येऊन मी बराच वेळ बिस्किटं खात उभा राहिलो. गोड होती.

सोमवारपासून हंगाम सुरू. रोज तीस-चाळीस पाहुणे त्या कपाटासमोर उभे राहणार आणि प्रत्येक जण ते नाव असंच मोठ्याने वाचणार, तो चेहरा बघणार. विकायला टोपली नेणाऱ्याला याचं काय? त्याने कार्ड तिथेच टाकलं असतं. किल्लीही परत खिळ्याला लावली नसती.

नेणारा चोर नव्हता. आमच्यातलाच कोणीतरी होता.

५

मंगळवारी डल्सीचा वर्ग झाला नाही. पाय दुखतोय असा तिचा निरोप आला. अकरा वर्षांत तिचा वर्ग चुकला नव्हता. एकदा पूर असताना ती होडीतून आली होती, आणि शिकायला कोणीच नव्हतं म्हणून होडीवाल्यालाच पात सोलायला बसवलं होतं.

चारच्या सुमारास मी एलरॉयच्या घरी गेलो. तो अजून टेबलावरून सुटला नव्हता. नोलीन अंगणात रानहंस सोलत बसली होती, बाळ पिसांत लोळत होतं. मी तिच्या आईच्या पायाची चौकशी केली.

"दुखतोय म्हणे," नोलीन म्हणाली. "काल पण दुखत होता, आज पण. दोन्ही दिवस ओढ्यापर्यंत चालत गेली आणि चालत आली. बिचारी."

हे ती मान खाली घालून म्हणाली, पण खांदे हलत होते. मग मी क्लेमने सांगितलेलं तिला सांगितलं. टोपी, झाड, पाठमोरा हात.

नोलीनने पिसं उपटायचं थांबवलं. "काका, माझा नवरा झाडाकडे तोंड करून कधी उभा राहतो, हे आता मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही आमच्या लग्नात होतात ना?"

आणि ती इतकी हसली की बाळही हसायला लागलं आणि पिसं सगळ्या अंगणात उडाली.

मी तिथेच बसलो. हे मला सोमवारीच कळायला हवं होतं. वळणावर एलरॉयला जे दिसलं ते रेडा नव्हतं, त्याची सासू होती. सासू दिसली की जावयाने तोंड फिरवायचं, वाट सोडायची. ती कुठे होती, काय करत होती, हे कोणाला सांगायचं नाही. तिच्याबद्दल बोलायचंच नाही. नोकरी गेली तरी.

आणि धूर. सोमवारी वाऱ्यामुळे जाळायचं काम रद्द होतं, क्लेम म्हणाला. मग ओढ्यापलीकडे धूर कसला होता?

गेलेल्या माणसाच्या वस्तूंना आम्ही धुरी देतो. ओला पाला विस्तवावर टाकून, वस्तू त्या धुरावरून फिरवून. माझ्या बायकोच्या बाबतीत ते काम तिच्या माहेरच्या माणसांचं. माझा मेहुणा, तिचा भाऊ, आधीच गेलाय, म्हणून ते त्याच्या घराकडे येतं, म्हणजे डल्सीकडे. डिसेंबरात तिने माझ्या घराला धुरी दिली, दाराला गेरूचा पट्टा ओढला. पण दालन ओढ्याच्या पलीकडे, आणि मध्ये पूर.

दालनाचं राहिलं होतं. ते का राहिलं, हे मला एकट्याला माहीत होतं.

नोलीनने मला चटईवर सरकून जागा दिली. "थांबा आता," ती म्हणाली. "हंस खाऊनच जा. चोराला एवढी घाई नाही."

६

बुधवारी सकाळी मी मार्गोला म्हणालो, एलरॉयला आजच्या दिवस टेबलावरून उठवा. आठ पाहुणे घेऊन धबधब्यावर पाठवा, संध्याकाळपर्यंत. टोपली दुपारच्या आत परत येईल.

"तुम्ही त्याला टोपली आणायला पाठवताय?"

"नाही. तो नसला की ती येईल."

मार्गोने माझ्याकडे बघितलं. मग जीपची किल्ली दिली.

मी एलरॉयला सांगितलं, आपल्या वस्तीवरून जा, आणि जाताना भोंगा वाजव. कशाला, असं त्याने विचारलं नाही. त्याने भोंगा असा वाजवला की वस्तीतली सगळी कुत्री जीपमागे धावली. सगळ्यांना कळलं की एलरॉय धबधब्यावर गेला.

मी दालनात गेलो आणि रिकाम्या कपाटासमोरच्या बाकावर बसलो. तासाभराने मागचं दार उघडलं. डल्सी आली. पाय छान चालत होता. डोक्यावर कापडात गुंडाळलेली टोपली. मला बघून ती दचकली नाही.

"बसा, दाजी, उठू नका," ती म्हणाली. "तुमची रोजची जागा आहे ती."

तिला माहीत होतं. रस्ता उघडल्यापासून रोज सहा वाजता मी दालन उघडायचो आणि पाहुणे यायच्या आत तासभर त्या बाकावर बसायचो. मला वाटलं होतं, कोणी पाहिलं नसेल.

"मला सांगायचं होतंत, वहिनी," मी म्हणालो.

"सांगितलं की. पूर असताना सांगितलं, ओढा उतरला की दालनाला धुरी द्यायची. तुम्ही म्हणालात, मी बघतो. रस्ता उघडल्यावर पुन्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी बघतो. सोमवारी पाहुणे यायचे होते. तुमचं बघणं काही संपेना."

ती बाकावर टेकली, टोपली आमच्या दोघांच्या मध्ये. कापडाला धुराचा वास होता.

"घेतली, ओढ्यापलीकडे नेली, धुरी दिली. दहाच्या आत परत आणून ठेवायची होती. तुमच्या वेळापत्रकात दहाला येतो तो. निघाले, तर वळणावर समोरून पाहुणे. आणि पुढे तो." जावयाचं नाव ती घेत नाही. "साडेनऊलाच. कोणी सांगितलं होतं त्या मगरीला वाटेवर झोपायला? मी उडी मारून केवड्याच्या बनात. काटे बघा."

तिने कोपरं दाखवली. खरंच ओरबाडली होती.

"मग संध्याकाळी आणायची."

"कशी आणू? तुम्ही शहाण्यांनी त्याला दारातच नेऊन बसवलंत, तिथून मागचं दारही दिसतं. काल दिवसभर, आठ ते पाच, आणि पाचनंतर किल्ली मार्गोच्या खिशात. मी बनात बसून बघतेय, आता उठेल, मग उठेल. हा जेवतो पण तिथेच. जितका तुम्ही त्याच्यावर संशय घ्याल तितका तो तिथे बसणार, आणि जितका तो बसणार तितकी टोपली माझ्याकडे अडणार. नोलीनच्या हाती पाठवली असती, तर तुम्ही म्हणाला असता नवरा-बायको दोघं चोर."

बोलता बोलता तिला हसू आलं. मलाही आलं. दोन दिवस काट्यांत बसलेली सासू आणि दोन दिवस टेबलाला खिळलेला जावई, मध्ये पन्नास पावलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग तिने कापडाची गाठ सोडली. म्हणाली, "तिला जाऊ द्या ना, दाजी. तुम्ही रोज इथे बोलावता तिला."

मी टोपलीवर हात ठेवला. तिने तो हात तसाच राहू दिला. थोड्या वेळाने मी खिळ्यावरची किल्ली काढून तिला दिली, आणि टोपली तिनेच कपाटात ठेवली.

"कार्ड?" मी विचारलं.

"कार्ड माझ्याकडे राहील. वेळ झाली की मी आणून लावीन. तुम्ही मागू नका."

७

मार्गोला मी सगळं ओळीने सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी ती म्हणाली, म्हणजे ज्याला नजरेसमोर ठेवायचं म्हणून मी दारात बसवला, त्याच्यामुळेच टोपली येत नव्हती. मी म्हणालो, हो. ती डोक्याला हात लावून हसली आणि मग गंभीर झाली. त्या कपाटाबद्दल तिने मार्चमध्ये दूरध्वनीवरून मला विचारलं होतं, काही करायचं आहे का. मी म्हणालो होतो, राहू दे.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोराच्या कागदावर तसं लिहा."

संध्याकाळी तिने स्वतः जाऊन एलरॉयची माफी मागितली. तो इतका संकोचला की तिला म्हणाला, बाळाचा ताप उतरला.

गुरुवारी आम्ही दालनाला धुरी दिली. पाहुण्यांना विचारलं, थांबायचं असेल तर थांबा. सगळे थांबले. बायकांनी ओल्या पाल्याच्या जुड्या आणल्या. दारात विस्तव केला, आणि पांढरा धूर खिडक्यांतून असा बाहेर आला की क्लेम बस घेऊन लांब पळाला. डॉक्टर इंग्राम धुरात उभे राहून खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हलायला तयार नव्हते. अंगातले कपडे स्वच्छ धुतलेले होते, त्यांना आता धुरी बसली. भालेवाल्या आजीबाईंनी विचारलं, आम्ही पण पाला मारायचा का. नोलीनने त्यांच्या हातात जुडी दिली, आणि त्यांनी भिंती अशा बडवल्या जणू जन्मभर हेच काम केलं होतं.

डल्सीने मला धुरातून नेलं. पाल्याने डोकं, खांदे, पाठ झोडली, जरुरीपेक्षा बरंच जोरात. शिकवणी चालली आहे हे सगळ्यांना कळलं.

एलरॉय पुरुषांबरोबर लांब नेलेल्या बसच्या आड होता, दालनाकडे पाठ करून. त्याला दिसत काहीच नव्हतं, म्हणून तो तळ्याकडे तोंड करून हंसांना साद घालत बसला. हंस उत्तर देत होते. बायका गात होत्या आणि त्यांच्या गाण्यात ती साद मधूनच शिरत होती. डल्सी गाता गाता थांबून मोठ्याने म्हणाली, कोणाकडे न बघता, की तळ्यावर आज एक हंस फार आगाऊ झालाय. बसच्या आडची साद एकदम बंद पडली. मग सगळे जे हसले ते बराच वेळ हसत राहिले.

नंतर निखाऱ्यावर रानहंस, राखेत भाजलेली भाकर, काळा चहा. पाहुण्यांची बस दोन तास उशिरा सुटली. कोणी तक्रार केली नाही.

शुक्रवारी मार्गोने एलरॉयचे कागद काढले आणि डार्विनला फोन करून सांगितलं, की माणूस कायम धरा, कागद मागून येतायत. मागून, कारण शेवटच्या पानावर दोन ज्येष्ठ शिक्षकांच्या सह्या लागतात. पहिली मी केली. दुसऱ्या रेघेवर आजवर माझी बायको सही करायची. आता तिच्या जागी डल्सी आहे, आणि जावयाचं नाव लिहिलेल्या कागदाला डल्सी हात लावत नाही. नोलीन म्हणाली, नावावर केवड्याची पात ठेवू, आई फक्त खालची रेघ बघेल. डल्सी म्हणाली, विचार करून सांगते.

आज मंगळवार. एलरॉय फेरीवर आहे. दुसरी सही अजून व्हायची आहे.